नव्वद टक्के पाणी, बाकी बोंबील

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिस सुटलंय, अप्रेझलचं रडगाणं गाऊन झालंय आणि टेबलावर गरमागरम 'बॉम्बे डक फ्राय' आलंय. अशा वेळी ग्रुपमध्ये एक तरी नवा मेंबर असतोच, जनरली दिल्लीहून नुकताच ट्रान्सफर होऊन आलेला. तो दचकून विचारतो, 'डक? पण आपण तर फिश ऑर्डर केलं होतं ना?' मग सगळे हसतात आणि कुणीतरी जाणकार ती फेमस स्टोरी सांगतो. पूर्वी म्हणे सुके बोंबील मेल गाडीने जायचे, डब्यांना वास मारायचा, त्या गाडीला म्हणायचे 'बॉम्बे डाक', आणि त्या डाकचं झालं डक. स्टोरी मस्त आहे, फक्त खरी नाही. 'बॉम्बे डक' हा शब्द १८१६ च्या एका इंग्रजी उपहासकाव्यात छापलेला सापडतो आणि आपल्याकडे पहिली रेल्वे धावली १८५३ मध्ये. सदतीस वर्षं आधी गाडीची वाट बघत बसलेला मासा जरा पचायला जड जातो.

पण नावाचं सोडा. त्या प्लेटमधल्या माशाबद्दल एक खरंखुरं कोडं आहे आणि ते आपण दर वेळी चावून गिळून टाकतो. वरचं रव्याचं कव्हर कुरकुरीत आणि आत? आत जवळजवळ काहीच नसतं. मऊ, लुसलुशीत, जिभेवर विरघळणारं. काटा आहे, पण टोचत नाही. सुरमईचा तुकडा कसा दातांना उत्तर देतो, पापलेट कसं पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं. बोंबील मात्र शरण येतो. असं का?

कारण बोंबलाचं शरीर आपल्या किनाऱ्यावरच्या इतर माशांसारखं बनलेलंच नाही. त्याची भावकी खोल समुद्रातली आहे.

सायन्सवाल्यांच्या हिशोबात बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरियस. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे 'बॉम्बे' डकचं नामकरण झालं बंगालात! त्याचा गण ऑलोपिफॉर्मिस. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, पण या गणातली मंडळी बघण्यासारखी आहेत. एक आहे ट्रायपॉड फिश. हा गडी चार-साडेचार किलोमीटर खोल, मिट्ट काळोखात, पराच्या तीन लांबलचक काड्यांवर कॅमेऱ्याच्या स्टँडसारखा उभा राहतो आणि प्रवाहाकडे तोंड करून जेवणाची वाट बघतो. डोळे नावापुरते. दुसरा बॅथिसॉरस मोलिस. दीड हजार मीटरच्या खाली राहणारा शिकारी, आणि नावातल्या 'मोलिस'चा लॅटिनमध्ये अर्थच मुळी 'मऊ'. या दोघांमध्ये एकाच माशात नर आणि मादी दोन्हीचे अवयव असतात, कारण त्या अंधारात जोडीदार भेटेलच याची गॅरंटी कोण देणार? मॅट्रिमोनिअल साइटवाल्यांनी नोंद घ्यावी. बोंबलात मात्र नर वेगळा, मादी वेगळी.

खुद्द हार्पाडॉन या आडनावाचे बोंबलाचे सख्खे भाऊही खोल पाण्यातले आहेत. हार्पाडॉन मायक्रोकिर जपान-तैवानच्या बाजूला सापडतो. हार्पाडॉन स्क्वामोससचं वर्णन १८९१ मध्ये आल्फ्रेड अल्कॉक याने केलं. हा 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्व्हे जहाजावरचा डॉक्टर होता आणि बंगालच्या उपसागराच्या तळातून जाळ्यात काय काय येतं ते लिहून ठेवायचा. मासळी बाजारात ज्याला 'चोर बोंबील' म्हणतात आणि जो दिसायला सरड्यासारखा असतो, तो याच घराण्यातला चुलतभाऊ. चोर म्हणायचं कारण उघड आहे. दिसतो थोडा बोंबलासारखा, पण मांस घट्ट निघतं.

आता खोल समुद्राचं लॉजिक बघा. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. उजेड नाही. अन्न म्हणजे वरून गळत येईल ते किंवा चुकून समोरून जाईल ते. अशा ठिकाणी घट्ट स्नायू आणि कडक हाडं मेंटेन करणं म्हणजे पगार पंधरा हजार आणि ईएमआय वीस हजार. म्हणून तिथले बरेच मासे स्वस्तात शरीर उभं करतात. पाण्याने भरलेलं जेलीसारखं मांस, अर्धवट कडक झालेली हाडं. पाणीदार शरीराचं वजन आजूबाजूच्या पाण्याइतकंच भरतं, त्यामुळे तरंगायला फारसे कष्ट नाहीत. इतर माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, जी त्यांना हवं त्या उंचीवर तोलून धरते. या घराण्यात ती नसतेच, बोंबलातही नाही. फक्त एका गोष्टीत कंजुषी नाही, ती म्हणजे तोंड. जेवण कधीतरीच येणार, तर आलेलं सुटता कामा नये.

पुढच्या वेळी ओला बोंबील घरी आणलात तर तळायच्या आधी दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघा. (आई ओरडेल, पण बघा.) तोंडाची फट डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत जाते. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. आत बारीक, सुईसारखे दात, सगळे आतल्या बाजूला वळलेले, टाळूवरसुद्धा. आत जाताना ते वाकून वाट देतात, बाहेर येऊ देत नाहीत. डोळे छोटे आणि थुतरीच्या जवळ. अंग अर्धपारदर्शक, फिकट गुलाबी-करडं. पुढचा अर्धा भाग बिनखवल्यांचा, खवले फक्त मागच्या अर्ध्या अंगावर. पाठीवर मोठ्या पराच्या मागे एक छोटा, बिनकाड्यांचा, चरबीचा पर असतो. आणि शेपटी? माशाची शेपटी म्हटली की दोन टोकं डोळ्यांसमोर येतात. बोंबलाच्या शेपटीला तिसरं, मधलं टोक आहे. शरीराच्या बाजूने जाणारी, पाण्यातली हालचाल ओळखणारी रेषा थेट शेपटीच्या मध्यातून पुढे निघते, म्हणून. ज्याला समोरचं नीट दिसत नाही तो अंगाने ऐकतो, असं समजा.

ताज्या बोंबलात पाणी ९० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणूनच तळण्याआधी आपल्या आज्या त्याला चिरून, मीठ लावून, वर पाटा ठेवून 'दाबून' घ्यायच्या. ती काही रेसिपीतली नजाकत नाही. दाबलं नाही तर तव्यावर मासा कमी आणि सूप जास्त होतं.

मग प्रश्न असा की खोल पाण्याच्या बांध्याचा हा मासा वर्सोवा, वसई, सातपाटीसमोरच्या उथळ पाण्यात काय करतो?

उत्तर चिखलात आहे. आपला उत्तर कोकण आणि गुजरातचा समुद्र निळा नाही, चहाच्या रंगाचा आहे. बँडस्टँडवरचे फोटो फिल्टर लावूनच टाकावे लागतात, तो हाच समुद्र. गाळाने भरलेल्या पाण्यात काही मीटर खाली गेलं की उजेड संपतो. हजार मीटर खाली जो अंधार मिळतो तो इथे वीस मीटरला मिळतो, आणि वर खायला ढीगभर. जवळा, कोळंबी, मांदेली, आणि हाताशी दुसरं काही नसेल तर स्वतःच्याच जातीची पिल्लं. बोंबलाचं पोट फाडून बघणाऱ्या संशोधकांना त्यात लहान बोंबील सापडलेत. इतकं मऊ शरीर असलेला प्राणी इतका हावरा असेल असं वाटत नाही, नाही का?

आणि पोहण्याचं काय? असल्या शरीराने सुरमईसारखी धाव मारता येत नाही. तो बराचसा भरती-ओहोटीबरोबर जातो. कोळ्यांनी हे शेकडो वर्षांपूर्वी ओळखलं आणि त्यावरून जाळं बनवलं, डोल. लांबच लांब शंकूसारखी पिशवी, समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली. होडी माशाच्या मागे धावत नाही. भरतीचा ओढ लागला की पाणीच बोंबलाला आणून पिशवीत टाकतं. म्हणून डोलीचं टाइमटेबल घड्याळावर नाही, तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर, अष्टमीच्या आसपास भांगाला पाणी मंद आणि जाळं रिकामं.

आता मॅप काढा. बोंबील कुठे मिळतो आणि कुठे नाही, हे एकदम विचित्र आहे. गुजरातमध्ये जाफराबाद-नवाबंदरपासून खाली पालघर, मुंबई, रायगड असं करत रत्नागिरीपर्यंत. त्यानंतर तुरळक, आणि पुढे केरळचा आख्खा किनारा जवळपास कोरा. मग भारताला वळसा घालून वर जा. उत्तर आंध्र, ओडिशा, बंगालला हा परत हजर! कोलकात्यात त्याला 'लोटे' म्हणतात आणि कांदा-लसूण घालून त्याचा असा काही 'झुरा' करतात की बोंबील आपलाच या गर्वाचं पार भुस्कट होतं. तिथून पुढे बांगलादेश, म्यानमार, थेट चीनपर्यंत. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये बोंबलाच्या या भटकंतीवरच आख्खा लेख लिहिला होता. १९७० मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एस. व्ही. बापट यांची एक पूर्ण पुस्तिका फक्त बोंबलावर काढली. एका माशावर पुस्तिका. पापलेटप्रेमींनी जळावं.

दोन्ही ठिकाणांमध्ये कॉमन काय? एक, भरतीचा जबरदस्त फरक. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत पाणी दहा मीटरपर्यंत चढ-उतरतं, म्हणजे तीन मजले. मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या आसपास. कोचीला जेमतेम मीटरभर. दोन, उथळ सपाट तळ. मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलाय, केरळसमोर त्याच्या एक चतुर्थांशही नाही. आणि तीन, गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या. बंगालात गंगा-ब्रह्मपुत्रा. बंगालच्या खाड्यांमध्ये डोलीसारखंच पिशवीचं जाळं वापरतात, त्याला 'बेहुंदी' म्हणतात. दोन टोकांच्या कोळ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच माशासाठी एकच आयडिया काढली.

आणि आपल्या बाजूला गाळ कोण आणतं? नर्मदा आणि तापी. इथे मी तुम्हाला घेऊन जातेय नंदुरबारला.

हो, नंदुरबार. महाराष्ट्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला तो जिल्हा, जो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला आणि ज्याचं नाव आपण जनरली हवामानाच्या बातम्यांमध्येच ऐकतो. समुद्र नाही, बंदर नाही. पण उत्तरेची हद्द नर्मदेची आणि मधून वाहते तापी. प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम आहे, दक्षिण काशी म्हणतात त्याला. सातपुड्याची माती पावसात धुऊन निघते, या दोन नद्यांतून एक भाग भरूचला आणि एक सुरतजवळ डुमसला समुद्रात पडते. बोंबलाच्या डोक्यावरचं ते गढूळ छप्पर काही अंशी अक्राणीच्या डोंगरातून आलेलं असतं. खरं तर 'आलेलं असायचं' म्हणायला हवं. तापीवर उकाईचं धरण १९७२ मध्ये उभं राहिलं आणि नर्मदेवर सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये पूर्ण बंद झाले. दोन्हीचं पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यात पसरलंय. त्याखाली गावं गेली, शेतं गेली. आणि जो गाळ समुद्रात जायचा त्यातला मोठा भाग आता धरणाच्या मागे बसतो. या धरणांच्या हिशोबात किती युनिट वीज आणि किती हेक्टर सिंचन हे असतं. किती टोपल्या बोंबील, हे कधी कुणी विचारल्याचं ऐकलं नाही.

समुद्र आणि नंदुरबार यांची ओळख तशी खूप जुनी आहे, हे जाता जाता. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. पलीकडे मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघ गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांमध्ये शिंपले, सागरी अर्चिन आणि शार्कचे दात आजही मिळतात. बोंबलाच्या घराण्याचे सर्वात जुने जीवाश्मही त्याच काळाच्या आगेमागे, क्रिटेशियस युगातले. नंतर लाव्हा आला, सगळं काळ्या खडकाखाली गेलं आणि समुद्र मागे हटला.

आता मात्र तो सुकून परत येतो. मोलगीचा आठवडी बाजार बघितलाय कधी? अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या आत. आमचूर, भगर, मोहाची फुलं, कोंबड्या, प्लॅस्टिकच्या बांगड्या, मोबाइलची कव्हरं, आणि एका रांगेत सुकी मासळी. नाकाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. पोत्यांवर सोडे, सुकट, बारीक मासे आणि काडीसारखे वाळलेले बोंबील. जिथून समुद्र गाठायला घाट उतरून, बस बदलून आख्खा दिवस जातो, तिथे खोल समुद्राच्या घराण्यातला एक मासा वाट्यावर विकला जातो.

हे कसं शक्य होतं? परत बोंबलाच्या शरीराकडे या. ताजा बोंबील प्रवास करूच शकत नाही. इतकं पाणी असलेलं मांस काही तासांत ओघळायला लागतं, बर्फातही त्याचा पार लगदा होतो. नाशिकच्या बाजारात पापलेट दिमाखात पोचतं, बोंबील पोचेपर्यंत रडवेला होतो. पण तेच शरीर वाळवायला सगळ्यात सोपं. अंग बारीक, चरबी कमी, हाडं मऊ, त्यामुळे आत कुठे ओल अडकून राहत नाही. कोळणी दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि बांबूच्या मांडवांना ताणलेल्या दोऱ्यांवर जोडी टांगून देतात. त्या वळलेल्या दातांचा असाही उपयोग. ना चिमटा, ना सुतळी. बहुतेक वेळा मीठसुद्धा नाही. ऊन आणि वारा चांगला असेल तर काही दिवसांत माल तयार. मध्येच अवकाळी पाऊस आला तर मात्र आख्खी रास सडते आणि आता अवकाळीला काळवेळ उरलेली नाही.

मग तो पोत्यात बसतो आणि वर्षभर कुठेही जातो. मोलगीच्या बाजारातल्या मावशींनी सांगितलं त्याप्रमाणे त्यांचा माल सुरतेकडून येतो. सुरत-भुसावळ लाइनवर नवापूरचं स्टेशन आहे ना, ज्याचा अर्धा प्लॅटफॉर्म गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, त्याच वाटेने. इंग्रज साहेबालाही हे कुरकुरीत प्रकरण एवढं आवडलं होतं की करीवर चुरून खायची सवय तो मायदेशी घेऊन गेला. १९९७ मध्ये युरोपियन कमिशनने आयातीचे नियम कडक केले आणि बॉम्बे डक बंद झाला, तेव्हा ब्रिटनमध्ये तो परत आणण्यासाठी चक्क मोहीम निघाली. पुढे मंजूर केंद्रात पॅक करायच्या अटीवर तो परत सुरू झालाही. मोलगीला कुणी मोहीम काढत नाही. माल आला तर आला.

आणि इथे मासा खाणं हा वीकेंडचा प्लॅन नाहीये. बोंबील निखाऱ्यावर भाजायचा, लसूण, मीठ आणि लाल मिरचीबरोबर पाट्यावर रगडायचा, वर तेलाचा थेंब असला तर असला. मिरची अर्थात नंदुरबारची, या भागातला मोठा मिरची बाजार इथलाच. त्याच्याबरोबर ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी. एका बोंबलात चार जणांचं तोंड चवदार होतं. पण चव ही अर्धीच गोष्ट. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे, कारण हाडं मऊ असल्याने मासा काट्यासकट पोटात जातो. तुमच्या जिममधल्या प्रोटीन पावडरच्या डब्यामागचा आकडा एकदा वाचा, मग बोलू. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो बहुआयामी गरिबीचा अहवाल काढला, त्यात २०१५-१६ च्या पाहणीनुसार नंदुरबारची निम्म्याहून जास्त माणसं गरीब ठरली होती, राज्यात सर्वात जास्त. पोषण हा त्या मोजणीतला एक मोठा घटक. फ्रिज नसलेल्या, वीज जाऊन-येऊन असलेल्या पाड्यावर महिनोनमहिने टिकणारं प्रोटीन दुसरं कुठलं आहे? डाळ आहे, खरं. पण डाळीत हाडं नसतात.

गणित मात्र दिवसेंदिवस अवघड होतंय. ९० टक्के पाणी उडून जाणार म्हटल्यावर एक किलो सुक्या बोंबलासाठी सात-आठ किलो ओला लागतो. ओल्याला शहरात मागणी वाढली, तुमच्या-माझ्या शुक्रवारच्या प्लेटमुळे, की दोरीवर टांगायला उरतो तो कमी आणि लहान. बोटीवर बारीक, कमी भावाचा माल आला की त्याला फिशमीलच्या कारखान्याची वाट आहेच. तिथे त्याचं पीठ होऊन ते कोंबड्यांना आणि शेततळ्यातल्या कोळंबीला जातं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीत २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन वादळं लागोपाठ आली होती, हे मान्य. पण वादळांनी डोलीच्या जाळ्याची भोकं लहान केलेली नाहीत. ती माणसांनी केली. डोलीच्या शेपटाकडची भोकं इतकी बारीक असतात की जवळ्याबरोबर बोंबलाची पिल्लंही आत राहतात.

२०२३ मध्ये राज्य सरकारने दोन गोष्टी केल्या. पापलेटला राज्य मासा जाहीर केलं (बोंबलाला नाही! यावर एक वेगळा कॉलम होऊ शकतो) आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. बोंबलासाठी हा आकार १८ सेंटीमीटर. निर्णय योग्यच आहे, एकदा तरी अंडी घालू दे बिचाऱ्याला. पण डोल निवड करत नाही. भरती जे आणेल ते आत. आणि बारीक पिल्लू जाळ्यातून वर येईपर्यंत, त्या जेलीच्या शरीराने, मेलेलंच असतं. ते परत समुद्रात टाकून कोणाचं भलं होणार? खरा इलाज भोकांचा आकार वाढवणं हा आहे. तो केला की जवळा निसटतो आणि जवळ्यावर ज्यांचं घर चालतं त्यांनी काय करायचं, या प्रश्नाला उत्तर मंत्रालयात बसून देता येत नाही.

मोलगीच्या त्या पोत्यावर मी वीत लावून बघितली. माझी वीत साधारण १९ सेंटीमीटर. वाळल्यावर मासा थोडा आखडतो हे धरलं तरी ढिगातले बरेचसे वितीच्या अर्ध्यालाच संपत होते. अधूनमधून एखादा लांब, जबड्यासकट, तोंड वासून.

'काय भाव शे, मावशी?' शेजारचा एक जण विचारत होता.

'लहानाचा पन्नास, मोठ्याचा शंभर. वाटा बघ ना केवढा.'

'मागल्या वर्षी तर मोठाच पन्नासला देत होतीस.'

'मागल्या वर्षी मोठा येत होता, भाऊ.'

त्याने लहानाचा वाटा घेतला. जूनच्या पहिल्या तारखेपासून ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि सातपुड्यात पावसाने ओढे भरले की काही पाड्यांचे रस्तेही बंद होतात. त्या दिवसांची बेगमी तो आत्ताच करत होता. मावशींनी कागदात बांधून दिलं तर म्हणाला, कागद नको, पिशवीतच टाक. टाकताना एका बोंबलाचा जबडा त्याच्या कापडी पिशवीच्या काठाला अडकला. ते दात वाळल्यावरही आतल्याच बाजूला वळलेले असतात. ओढून निघेना, तेव्हा मावशींनी बोंबील आणखी आत ढकलला, थोडा तिरका केला आणि मग सोडवला.